तागडीचे पान

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. एवढा जाड, की मला उचलायला मोठ्या माणसालाही दोन्ही हात लागतात; आणि एवढा जुना, की माझ्या पानांना आता सफरचंदाच्या वाळल्या सालीचा रंग आला आहे. अंगावर काळे कातडे, बंद करायला दोन पितळी कड्या. आत जुना करार आणि नवा करार. लोक मला पवित्र शास्त्र म्हणतात आणि माझ्यासमोर टोपी काढतात. त्यांनी टोपी काढली, की मला आजही कुठेतरी तोंड लपवावेसे वाटते. का, तेच आज सांगतो. ऐकून घ्या. मध्येच उठून गेलात तरी मी रागावणार नाही, रागावायचा हक्क माझा केव्हाच गेला.

माझा जन्म देब्रेत्सेन शहरातल्या एका छापखान्यात झाला. तिथे लाझार नावाचा म्हातारा छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. मोठ्या अक्षरांची देखणी कामे तरुणांना मिळत. लाझारच्या वाट्याला आले होते समासातले बारीक आकडे. माझ्या जवळजवळ प्रत्येक वचनाच्या कडेला असा एक आकडा आहे. तो एवढेच सांगतो: हे वाचलेस ना, आता तिकडचे ते पान बघ. जुन्या करारातल्या संदेष्ट्याच्या रागापासून निघालेला आकडा नव्या कराराच्या शेवटच्या पानांत पोचतो, आणि तिथला आकडा वाचणाऱ्याला पुन्हा मागे आणून सोडतो. या कामात म्हाताऱ्याचे अर्धे डोळे गेले.

"लाझारबाबा, एवढं बारीक वाचणार कोण?" एक पोरगेलासा कामगार एकदा त्याला म्हणाला. "माशीनं घाण केली समजून पुसतील लोक."

"पुसू देत," लाझार म्हणाला. "पण न्यायाची वचनं आहेत रे ही. एकेकटी मोकळी सोडली, तर कुणाला तरी चावतील."

मी तेव्हा नवा होतो. मला त्या बोलण्यातले काही कळले नाही. माझा सगळा जीव माझ्या पितळी कड्यांत होता. त्या चकाकतात की नाही, एवढेच मी बघत होतो.

कोर्तेश नावाच्या डोंगराळ गावात मी एका लग्नाचा आहेर म्हणून आलो. घर कोर्पोशांचे. त्यांच्या पुढच्या खोलीत रोजचे कोणी बसत नसे. तिथे छतापर्यंत रचलेल्या लाल भरतकामाच्या उशा होत्या, रंगवलेल्या थाळ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये मी. माझ्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या माणसांची नावे लिहीत. कोण जन्मले, कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोण लग्न होऊन आले. गेर्गेय कोर्पोशचे नाव त्या पानावर चढले, तेव्हाची ओली शाई मला आठवते. तो माझ्यासमोर रांगला, मोठा झाला, आणि साराला लग्न करून घरी घेऊन आला.

त्यांचे पहिले मूल फेब्रुवारीत झाले. मुलगा होता. त्या वर्षी बर्फ खिडकीपर्यंत चढले होते आणि चर्चचे पाळकसाहेब दोन गावे पलीकडे अडकून पडले होते. आठव्या दिवशी मूल गेले. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून घंटा वाजली नाही. दफनभूमीच्या कुंपणाच्या कडेला त्याला ठेवून आले. गेर्गेय टाक घेऊन माझ्यापाशी आला. पहिले पान उघडून बराच वेळ उभा राहिला. मग त्याचा बाप दारातून म्हणाला, "बाप्तिस्मा नाही, तर नाव नाही." गेर्गेयने टाक खाली ठेवला.

पण नाव होते. साराने त्याला देनेश म्हणायला सुरुवात केली होती. तिने त्याच्यासाठी जाड तागाच्या कापडाची टोपी शिवली होती, काठाला झालर लावलेली. ती टोपी चार घड्या करून तिने माझ्या पोटात ठेवली. जागा शोधली ती दानिएलाच्या पुस्तकातली. त्या घरात स्तोत्रे वाचत, शुभवर्तमाने वाचत; दानिएलाची सिंहांची गोष्ट सगळ्यांना पाठच होती, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नसे.

शेतावर गेलेली माणसे परतायच्या आत सारा कधी कधी यायची. मला मांडीवर घ्यायची, तेच पान उघडायची आणि टोपीवर हात ठेवून बसायची. तिने त्या पानावरचे एक अक्षरही कधी वाचले नसेल. तिला ते दिसतच नसे. पानाच्या कडेला दोन डाग पडले. मग एका दिवशी, ती कड्या लावत असताना, माझ्या पाठीतली शिवण त्या जागी कट्कन तुटली. दुखले, पण मी गप्प राहिलो. ते गुपित सांभाळायला मला आवडत होते. अशी सव्वीस वर्षे गेली.

आता त्या घराची एक रीत सांगायला हवी. मोठा पेच पडला की ते मला टेबलावर पाठीवर उभे करत, दोन्ही तळहातांत धरत, आणि प्रार्थना म्हणून हात सोडून देत. मी धप्पकन उघडायचो. डाव्या पानावर सगळ्यात वर जे वचन असेल, ते उत्तर. गेर्गेयच्या बापाने अमेरिकेला जायचे की नाही, हे असेच विचारले होते, आणि म्हणून घर कोर्तेशमध्ये राहिले. त्यानंतर कित्येक वर्षे तशी वेळ आली नव्हती. आणि खरे सांगू का मित्रांनो, मला त्या क्षणाची हौस होती. मी पडेपर्यंत सगळे श्वास धरून बसायचे. असा मान दुसऱ्या कोणत्या पुस्तकाला मिळतो?

साराचा दुसरा मुलगा आरोन चोवीस वर्षांचा झाला आणि त्याने एका मुलीला घरी आणले. ऑक्टोबरातला रविवार होता. मुलीचे नाव पिरोश्का. शेजारच्या गावची, आईबाप नसलेली. कोलोझ्वार शहरात पाच वर्षे एका पुस्तकबांधणीवाल्याकडे राबलेली. सकाळी भांडी घासायची, दुपारी खळ शिजवायची, आणि मालकाचे बोट दुखले की पाने शिवायलाही बसायची. तिने अक्रोडाचा गोड पाव आणला होता. तो टेबलावर तसाच राहिला. कोणी त्याला सुरी लावली नाही.

गेर्गेयची बहीण बोर्बाला आत्या त्या दिवशी मुद्दाम जेवायला आली होती.

"शहरात पाच वर्षं! बरंच काही शिकली असशील नाही, तिथं?"

"हो आत्या. भांडी घासायला शिकले."

"ते इथंही शिकता आलं असतं."

"आलं असतं की. तुमच्याच दारात आले होते विचारायला. तुम्ही म्हणालात, जागा नाही."

आरोनला हसू आले आणि रश्शाचा ठसका लागला. गेर्गेय हसला नाही. तो चर्चच्या मंडळीचा निवाडा करणाऱ्या पंचांपैकी एक होता, आणि पंचाचे तोंड तो घरीही उतरवून ठेवत नसे.

"मी नाही म्हणणार नाही," तो म्हणाला. "हो पण म्हणणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको, की गेर्गेयनं आपल्या मनाचं केलं. शास्त्राला विचारू."

"बाबा, लग्न मला करायचंय," आरोन म्हणाला.

"म्हणूनच विचारतोय. तुला विचारलं असतं, तर तू काय सांगणार ते दिसतंच आहे."

सारा चटकन उठली. "थांबा, धूळ पुसून आणते," म्हणाली, आणि पुढच्या खोलीत आली. तिने मला उघडले, टोपी काढली, एप्रनच्या खिशात कोंबली.  माझ्या पोटातली ती जागा सव्वीस वर्षांनी रिकामी झाली.

मला टेबलावर उभे केले. गेर्गेयने डोळे मिटून प्रार्थना म्हटली आणि हात सोडले.

मी कुठे उघडणार होतो? तुम्हीच सांगा. जिथे पाठ मोडली होती, तिथेच.

गेर्गेयने डाव्या पानावर वरच्या ओळीला बोट लावले. दानिएल, पाचवा अध्याय, सत्ताविसावे वचन. बाबेलच्या राजाच्या भिंतीवर अदृश्य हाताने लिहिलेले शब्द. "तुला तागडीत तोलून पाहिले, आणि वजन उणे भरले."

आरोनने चमचा खाली ठेवला.

"बघा," आत्या हळूच म्हणाली.

पिरोश्का पांढरीफटक पडली होती, पण तिची जीभ शाबूत होती. "हे राजाला सांगितलं होतं, काका. देवळातून लुटून आणलेल्या पेल्यांतून तो दारू प्यायला, म्हणून. मी कुणाचे पेले लुटले नाहीत. मी घासले फक्त."

"तेव्हा राजाला होतं. आज तुझ्यापुढं पडलं."

"मग पुन्हा एकदा पाडा."

गेर्गेयने मला मिटले, उभे केले, सोडले. मी पुन्हा तिथेच पडलो. तोच डाग, तीच ओळ.

"फारो राजाला एकच स्वप्न दोनदा पडलं," गेर्गेय म्हणाला. त्याचा आवाज आता बसका झाला होता. खरेच सांगतो, तो स्वतःही घाबरला होता. "योसेफ त्याला काय म्हणाला? दोनदा पडलं म्हणजे देवाचं ठरलंय."

"दोनदा एकाच जागी पडलं म्हणजे पुस्तकाची पाठ मोडली आहे, काका! आमच्या मालकाकडे अशी रोज येतात." ती वाकली आणि तिने माझ्या तुटक्या शिवणीवरून बोट फिरवले. इतकी वर्षे दुखऱ्या जागेवर कोणी बोट ठेवले नव्हते. "ही बघा. इथं काहीतरी जाड ठेवलेलं असणार, खूप वर्षं. काकू, तुम्ही यात काही ठेवत होतात का?"

सगळ्यांनी साराकडे पाहिले. तिचा उजवा हात एप्रनच्या खिशात होता. खिशातली मूठ मला दिसत होती.

"नाही गं," सारा म्हणाली. "काही नाही."

मित्रांनो, त्या खोलीत खरे काय ते दोघांनाच ठाऊक होते, तिला आणि मला. तिला तोंड होते, पण भीती होती. माझ्या पोटात तर हजार पाने शब्द होते, आणि त्यातला एकही मला माझ्या मर्जीने उच्चारता येत नव्हता. उलट मी त्या पानावर सपाट, ऐटीत पसरून पडलो होतो, जणू मला देवानेच उघडले होते. माझ्या मोडक्या पाठीला त्यांनी देवाचा आवाज समजले आणि मी तो मान घेतला. आजवर माझ्यावर धूळ बसली, उंदीर फिरले, त्याचे मला काही नाही. पण तो मान अजून अंगाला चिकटून आहे. निघत नाही.

पिरोश्काने शाल घेतली. दारात थांबून ती म्हणाली, "पाव ठेवून जाते. शिळा झाला तर कोंबड्यांना घाला. त्या तोलत नाहीत."

आरोन फाटकापर्यंत गेला आणि मान खाली घालून परत आला. तीन आठवडे तो कोणाशी बोलला नाही. मग एका सकाळी बोचके बांधून शहरात निघून गेला. लग्न झाल्याचे पत्र आले. दोन वर्षांनी मुलगी झाल्याचे पत्र आले, नाव आग्नेश. गेर्गेयने दोन्ही पत्रे वाचली, घडी घातली आणि उत्तर दिले नाही. माझ्या पहिल्या पानावर ना पिरोश्काचे नाव चढले, ना आग्नेशचे.

मलाही मग कोणी उघडेना. गेर्गेयने मला कपाटावर ठेवून दिले. रविवारी तो लहान स्तोत्रसंहिता वापरू लागला. बोर्बाला आत्या एका शरदात बिहीच्या फळांचा घट्ट मुरंबा थापून दाबायला माझे वजन वापरून गेली, आणि माझ्या पाठपुठ्ठ्यावर त्याचा चिकट गोल डाग राहिला. साराने टोपी पुन्हा माझ्यात ठेवली नाही. ती माझ्याकडे बघतही नसे. मी तिला दोष देत नाही. मीही तिच्याकडे बघू शकलो नसतो.

नऊ वर्षे गेली. ऑगस्टात गवत कापताना गेर्गेय शेतातच कोसळला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, बोलणे थोडे जड झाले. तो आठवडा नव्या पावाच्या प्रभुभोजनाआधीचा होता. नव्या गव्हाचा पाव मंडळीत मोडण्याआधी, ज्याला दुखावले असेल त्याच्या दारात स्वतः जाऊन क्षमा मागायची, असा त्या गावाचा नेम. मागितल्याशिवाय पाव घ्यायचा नाही. गेर्गेय बिछान्यात होता, आणि शेजारीपाजारी एकेक करून येत होते.

"गेर्गेयदादा, आमची कोंबडी तुमच्या वाफ्यात शिरायची. मला दिसायचं, पण मी न दिसल्यासारखं करायचो. माफ करा."

"केलं. अंडी कुठं घालायची ती?"

"तुमच्याच वाफ्यात. ती पण आम्हीच नेली. त्याचीही माफी त्यातच धरा."

माणसे हसून जायची. गेर्गेय मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालला. गुरुवारी सकाळी तो म्हणाला, "अगं, तो ग्रंथ काढ."

"कशाला आता?" साराने विचारले.

"देवासमोर उभं राहायची वेळ जवळ आली माझी. तिथं काय निघणार, ते इथंच बघून घेतो."

"अहो, नको."

"काढ म्हणतोय ना!"

बोर्बाला आत्याने मला खाली काढले आणि बिछान्याशेजारच्या टेबलावर उभे धरले. गेर्गेयने डावा हात माझ्यावर ठेवला.  त्याने हात काढला, आत्याने सोडले.

मी पडलो. तिथे पडू नये म्हणून मी काय केले नसते! पण शिवण तुटलेल्या पुस्तकाला दुसरीकडे पडता येत नाही.

गेर्गेयला ओळ वाचावी लागली नाही. डाग ओळखीचे होते. "तागडी," तो पुटपुटला. "तिसऱ्यांदा. माझंही वजन उणं." आणि ज्या माणसाला मी गुडघे टेकण्याखेरीज कधी वाकलेले पाहिले नव्हते, तो उशीत तोंड खुपसून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. 

साराने गादीखाली हात घातला. टोपी आता पिवळी पडली होती. तिने ती माझ्या उघड्या पानावर ठेवली, आणि ती बरोबर आपल्या खळग्यात बसली.

"देवानं नाही पाडलं," सारा म्हणाली. "हिनं पाडलं. माझ्या देनेशच्या टोपीनं. सव्वीस वर्षं ठेवली होती मी इथं. त्या पोरीनं मला विचारलं, आणि मी नाही म्हणाले."

गेर्गेयने डोके वर केले. डाव्या हाताने टोपी चाचपून पाहिली.

"नऊ वर्षं तू गप्प बसलीस?"

"बसले. मला लाज वाटते त्याची. आणि तुम्ही? तुम्ही पस्तीस वर्षं त्याचं नाव घेऊ दिलं नाहीत. मी त्याला ठेवणार तरी कुठं होते?"

बाहेर कोणाची तरी गाडी खडखडत गेली. 

"घोडा जुंपायला सांग," गेर्गेय म्हणाला.

"शहरात जाणार? या अवस्थेत?" बोर्बाला आत्या उसळली. "सुनेच्या दारात माफी मागायला? पंच आहेस तू, दादा! गाव काय म्हणेल?"

"गाव गाडी ढकलायला येणार असेल तर म्हणू दे."

गाडीत गवत पसरले. गेर्गेय त्यावर आडवा, मी त्याच्या पोटावर, टोपी माझ्या पोटात, लगाम साराच्या हातात, आणि मदतीला एक शेजारी. दुपारी आम्ही कोलोझ्वारला पोचलो. पुस्तकबांधणीच्या दुकानामागे दोन खोल्यांत ती तिघे राहत होती. दार सात वर्षांच्या एका मुलीने उघडले. सारा आणि सोबत आलेल्या शेजाऱ्याने गेर्गेयला दोन्ही बाजूंनी धरले होते, आणि मला आधीच उंबऱ्यापाशी ठेवले होते. मुलीने सगळ्यांना नीट न्याहाळले.

"आई गं!" ती आत ओरडली. "एक मोडके आजोबा आलेत आणि एक मोडकं पुस्तक! दोन्ही दुरुस्त करायचंय वाटतं!"

पिरोश्का हात पुसत बाहेर आली. खळीचा वास आला मला. आरोन तिच्या मागे थबकून उभा राहिला.

"पिरोश्का," गेर्गेय म्हणाला. जीभ जड होती, म्हणून एकेक शब्द सुटा होत होता. "मी तुला तोललं. तो हक्क माझा नव्हता. मला क्षमा कर."

या मागणीला गावात एक ठरलेले उत्तर असते: देव आपल्या दोघांना क्षमा करो. पिरोश्काने ते दिले नाही.

"आत या, काका," ती म्हणाली. "पुस्तक बघते. बाकीचं मला लगेच नाही जमायचं."

तिने मला मोठ्या टेबलावर ठेवले. कड्या काढल्या. टोपी दिसली तेव्हा ती थांबली. साराने तिला सगळे सांगितले. आवाज न चढवता, काही न लपवता. पिरोश्का ऐकत होती, आणि तिचे बोट पुन्हा माझ्या त्याच तुटक्या शिवणीवर होते.

"बिचारं," ती म्हणाली. ते मला होते, की साराला, की त्या आठ दिवसांच्या बाळाला, मला कळले नाही.

आग्नेश टेबलावर कोपरे टेकून माझ्यात डोकावत होती. लहान मुलांचे डोळे तीक्ष्ण. "आई, ही कडेची मुंगीएवढी अक्षरं कसली?"

"वाटा आहेत त्या. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायच्या. तो आकडा बघ, उजव्या पानाच्या तळाला."

मित्रांनो, तागडीचे वचन डाव्या पानाच्या माथ्यावर. त्याच्या समोरच्याच उजव्या पानाच्या तळाशी, सातव्या अध्यायात दानिएलाचे एक स्वप्न आहे: न्यायासन मांडले गेले आणि पुस्तके उघडली गेली. गेर्गेयची नजर तीनही वेळा वरच्या ओळीपाशी थिजली होती. तळापर्यंत ती कधी उतरलीच नव्हती. आग्नेशने त्या वचनाच्या कडेचा आकडा वाचला, चिमुकल्या हातांनी माझी पाने उलटत थेट शेवटाकडे गेली, आणि अडखळत वाचू लागली. प्रकटीकरण, विसावा अध्याय. लहानमोठे सगळे मेलेले सिंहासनापुढे उभे आहेत. पुस्तके उघडली आहेत. आणि मग आणखी एक पुस्तक उघडले, जीवनाचे.

"आणखी एक कशाला?" तिने विचारले. "पहिल्यांत मावलं नाही?"

"पहिल्यांत कोण कसं वागलं ते आहे," पिरोश्का म्हणाली. "शेवटच्यात नुसती नावं."

"म्हणजे नव्या करारात देव मऊ झाला?" आरोनने विचारले.

"तिथल्या कडेचा आकडा वाच की. तो परत मागे पाठवतो. दानिएलाकडेच."

आग्नेशने मला पुन्हा मागे उलटले. दानिएलाचा बारावा अध्याय. फार मोठे संकट येईल, आणि ज्यांची नावे पुस्तकात लिहिलेली सापडतील ती माणसे सुटतील. नावांचे पुस्तक जुन्या करारातही होतेच. टोपी जिथे सव्वीस वर्षे पडून होती, तिथून जेमतेम तीन पाने पुढे.

साराने तोंडावर हात धरला.

"तीस वर्षं मी मंडळीत न्याय करायला बसलो," गेर्गेय म्हणाला. "आणि या आकड्यांना मी छपाईतले ठिपके समजत होतो."

आणि मी? मी तर ते आकडे जन्मापासून अंगावर वागवत होतो. लाझारने डोळे देऊन ते माझ्यावर छापले होते, आणि मी पितळी कड्यांचा तोरा मिरवत राहिलो. एका सात वर्षांच्या मुलीने मला माझ्यातलाच अर्थ वाचून दाखवला.

"टाक आहे का?" गेर्गेयने विचारले.

पहिले पान उघडले. उजवा हात चालत नव्हता, म्हणून त्याने डाव्या हाताने लिहिले. अक्षरे उतरणीवरून घरंगळल्यासारखी आली: देनेश. आठ दिवस. मग त्याने पिरोश्काकडे पाहिले. टाक तसाच धरून.

"माझं नाही," पिरोश्का म्हणाली. "माझं मी लिहीन. मला वाटेल तेव्हा."

तिने साराला विचारले, "काकू, ही टोपी मला द्याल? पाठीला आतून कापड लावावं लागतं. यापेक्षा चांगलं मला मिळणार नाही."  साराने टोपीची झालर हलक्या हाताने उसवली, ती स्वतःजवळ ठेवली, आणि कापड पिरोश्काच्या हातात दिले.

मग पिरोश्का आत गेली, आणि अक्रोडाचा गोड पाव घेऊन आली. तो टेबलावर ठेवला, सुरी गेर्गेयपुढे सरकवली आणि उभी राहिली. गेर्गेयने डाव्या हाताने पाव कापला. वेडेवाकडे, जाडबारीक तुकडे. पहिला त्याने तिला दिला. तिने तो घेतला.

त्या रविवारी गेर्गेयने मंडळीत नव्या पावाचा तुकडा घेतला. हिवाळ्यात तो गेला. वसंतात कुंपणाकडेच्या एका जागेवर लहानसा लाकडी खांब उभा राहिला, त्यावर नाव कोरून. आणि त्यानंतर एका सकाळी पिरोश्काने माझे पहिले पान उघडले आणि आपले नाव लिहिले, त्याखाली आग्नेशचे. कोणी सांगितले नव्हते. शाई वाळेपर्यंत ती मला उघडे ठेवून बसली होती.

आता आग्नेशच म्हातारी झाली आहे. तिची नातवंडे कधी कधी मला पाठीवर उभे करतात आणि गंमत म्हणून सोडून देतात. मी कधी स्तोत्रांत उघडतो, कधी रूथच्या गोष्टीत, कधी वंशावळींच्या कंटाळवाण्या पानांत. माझ्या पाठीत एका बाळाची टोपी आहे, ती मला आता एका जागी मोडू देत नाही. तरी पडण्याआधी, त्या अर्ध्या क्षणात, माझा जीव अजून गोळा होतो. आजही कोणी मुलगी शाल हातात घेऊन दारात उभी आहे, असे वाटते.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागतो. माझी धूळ पुसा, मला ओलीपासून जपा, ते तर कराच. पण मला हातात घेऊन दुसऱ्या कोणाला तोलू नका. न्यायाची ओळ सापडली, तर पानाच्या तळापर्यंत जा, आणि कडेचा तो बारीक आकडा जिथे नेईल तिथपर्यंत. आणि एखादी वस्तू कुठे मोडली आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर वेळेवर सांगा. तुम्हाला तोंड आहे. मला नव्हते.